शिळारूप वनस्पतींचें नांव-गांव

परगांवचा माणूस भेटला म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न नांवाचा आणि दुसरा गांवाचा असतो. नुसत्या नांवानें ओळख पुरी होत नाहीं. एका नांवाचीं माणसें पुष्कळ असतात. अमुक गांवचा अमुक म्हटला म्हणजे मग त्याचें कूळ, त्याचे सोयरे, त्याच्या बोलण्याची ढब, सगळ्यांचाच उलगडा होऊं लागतो. हाच लोकव्यवहार दगडांत सांपडणाऱ्या प्राचीन झाडापानांनाही लागू आहे, हें मला हिंगोलीस एका दगडानें शिकविलें.

कयाधूच्या कांठीं वसलेल्या या गांवीं माझे एक वृद्ध स्नेही राहतात. उभें आयुष्य त्यांनीं मुलांना शिकविण्यांत घालविलें, त्यामुळें सारा गांव त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतो. दगड गोळा करण्याचा त्यांना जुना नाद. विहिरीच्या कामावरून, रस्त्याच्या खडीच्या ढिगांतून, नदीच्या वाळवंटांतून उचललेले स्फटिक, गारा आणि अकीक यांनीं त्यांचें एक कपाट भरलेलें आहे. त्यांतली मानाची वस्तु म्हणजे फिक्या रंगाच्या दगडाची एक चपटी कपची. तिच्यावर काळ्या रेषांनीं नेच्याचा इतका नाजूक तुरा उमटला आहे कीं चित्रकारानेंही हेवा करावा. "कोट्यवधि वर्षांपूर्वींचा नेचा आहे हा," असें गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत, आणि मीही तें खरें मानून चाललों होतों.

एकदां मी भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना त्यांच्या घरीं घेऊन गेलों. त्यांनीं ती कपची भिंगाखालीं धरली, बराच वेळ निरखली आणि कांहीं न बोलतां परत मखमलीवर ठेविली. निघतांना मात्र ते उंबऱ्याशीं थबकले. वाऱ्यानें दार आपटूं नये म्हणून तेथें एक तांबूस, जड, ओबडधोबड दगड टेकवून ठेवलेला असे. तो त्यांनीं उचलला, रुमाल ओला करून त्याची एक बाजू पुसली आणि भिंग माझ्या हातीं दिलें. पुसलेल्या जागेवर मोहरीएवढे असंख्य ठिपके दाटीनें पसरलेले दिसत होते.

"गुरुजी," प्राध्यापक म्हणाले, "तो नेचा नव्हे, आणि हा नुसता दगड नव्हे. हें ताडाच्या कुळांतलें खोड आहे. कोठें मिळालें आपल्याला?"

गुरुजी आठवूं लागले. घर बांधतांना मुरुमाच्या गाडींतून आला असेल, कीं एखाद्या विद्यार्थ्यानें दूरच्या गांवाहून आणून दिला असेल? वीस वर्षें तो दगड दारांत होता; त्यापूर्वींचें कांहींच स्मरेना. प्राध्यापकांनीं तो पुन्हा उंबऱ्याशीं ठेविला. "याचें नांव सांगतां येईल," ते हळहळून म्हणाले, "पण गांव गेलें, म्हणजे याची साक्ष गेली."

त्या हळहळीचें कारण समजावें म्हणून मीं पुढें या विषयाचा इतिहास वाचूं लागलों. तेव्हां असें दिसून आलें कीं आपल्या भागांत ही विद्या जी वाढली तिच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी हौशी संग्राहक उभा आहे. पंडितांनीं दिलेलीं नांवें पुढें अनेकदां बदललीं. परंतु संग्राहकानें ज्याचें गांव नीट टिपून ठेविलें, तो दगड कधींच वायां गेला नाहीं.

प्रथम हे दगड होतात कसे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मराठवाडा, वऱ्हाड आणि देश हा बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा. विहीर खणूं लागलें कीं वर काळी माती, खालीं मुरूम आणि त्याखालीं सुरुंगावांचून न फुटणारा खडक. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून निघालेला लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि थिजून हा खडक झाला. त्याचा बहुतेक भाग १० लक्ष वर्षांच्या आंत बाहेर पडला असें अलीकडील मापनें सांगतात. परंतु हे लोट अखंड वाहत नव्हते. एक थिजल्यावर दुसरा येईपर्यंत कधीं कधीं हजारों वर्षें जात. तेवढ्या अवकाशांत खडकावर माती धरे, खोलगट जागीं पाणी सांचून तळीं होत, तळ्याच्या कांठीं ताड-माड वाढत, पाण्यांत शेवाळ आणि गोगलगाई नांदत. पुढें नवा लोट येऊन हा सारा संसार झांकून टाकी. गाळांत गाडलेल्या खोडांत, फळांत, बियांत पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे गारगोटीचें द्रव्य, झिरपे आणि पेशी न् पेशी त्या द्रव्यानें भरून निघे. लांकूड गेलें, त्याच्या जागीं दगड आला. पण घडण लांकडाचीच राहिली. दोन लाव्हाथरांमध्यें दबलेल्या या गाळास भूशास्त्रज्ञ आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूर, छिंदवाडा, मंडला या बाजूंस ते विशेष आढळतात.

मग गुरुजींचा नेचा तो काय? खडकाच्या बारीक चिरेंत मँगॅनीजचा अंश असलेलें पाणी शिरलें म्हणजे त्यांतील द्रव्य थिजतांना फांद्या फुटल्यासारखी काळी नक्षी उमटते. थंड देशांत हिवाळ्यामध्यें खिडकीच्या कांचेवर हिमाचीं पानें उमटतात, त्यांतलाच हा प्रकार. वनस्पतीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. शेवाळी अकीकांत दिसणारें हिरवें शेवाळही असेंच खनिज असतें. खऱ्या पानाला ठरलेली कडा असते, त्याच्या शिरांना क्रम असतो. ही नक्षी मात्र चिरेच्या तोंडाशीं सुरू होते आणि वाट मिळेल तशी आंत पसरते. खोडाची परीक्षा याहून सोपी आहे. सागासारख्या वृक्षाचा बुंधा आडवा कापला तर वर्तुळें दिसतात. ताड-माडाच्या बुंध्यांत वर्तुळें नसतात, तर रसवाहिन्यांचे जुडगे सर्वत्र विखुरलेले असून ते ठिपक्यांसारखे दिसतात. उंबऱ्याजवळच्या दगडावरील ठिपके ते हेच.

"ताडाच्या कुळांतलें" येथवर नुसता डोळा पोंचतो. त्यापुढें साधनें लागतात. दगडाची चकती कापून ती कांचेवर चिकटवितात आणि सहाणेवर चंदन उगाळावें तशी उगाळीत उगाळीत मिलिमीटरच्या सुमारें तिसाव्या भागाइतकी पातळ करतात. तेव्हां तिच्यांतून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींच्या भिंती दिसूं लागतात. मग आजच्या जिवंत झाडांच्या लांकडांशीं ती घडण ताडून पाहावयाची. ही रीत एडिंबरो येथें आकारास आली, आणि हेन्री विदम याच्या १८३१ सालच्या ग्रंथानें ती विद्वानांपुढें मांडली. तात्पर्य, नांव ठरविणें हें प्रयोगशाळेचें काम आहे. परंतु प्रयोगशाळेंत कितीही चकत्या उगाळल्या तरी दगड कोणत्या गांवचा, कोणत्या थरांतला, हें त्यांतून बाहेर पडत नाहीं. तें उचलणाऱ्यानेंच सांगावें लागतें.

आपल्याकडील पहिले उचलणारे वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. ते डॉक्टर होते. विल्यम लॅम्बटन याच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर हेन्री वॉयसी हा सर्जन हिंडत असे. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें वारला. त्याच वर्षीं एप्रिलांत वॉयसीला गाविलगडच्या डोंगरांत दगड झालेले शंखशिंपले सांपडले. लाव्हाच्या मुलखांत शिंपले, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्यें कधीं तरी पाणी होतें, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षीं वॉयसीही निवर्तला, आणि त्याचा लेख छापून निघाला तो १८३३ सालीं.

त्यानंतरचा डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन. हा मद्रासकडील वैद्यकखात्यांतला. हैदराबादेहून नागपुराकडे जातांना निजामाच्या मुलखांतील डोंगरांत व पुढें हिंगणघाटच्या परिसरांत त्यानें असेच थर तपासले, आणि त्यांची हकीकत १८३७ सालीं लंडनच्या भूशास्त्रसंस्थेपुढें मांडली. त्यानें पाठविलेल्या नमुन्यांत गोड्या पाण्यांत वाढणाऱ्या 'कारा' नांवाच्या वनस्पतीचीं दाण्याएवढीं फळें होतीं. सॉवरबी या पंडितानें तिला माल्कमसनचेंच नांव देऊन 'कारा माल्कमसोनी' असें म्हटलें. संग्राहकाचें नांव वनस्पतीच्या नांवांत गुंफण्याची ही रीत पुढेंही आपल्याला भेटेल.

परंतु या विद्येचा आपल्याकडील खरा पाया घातला तो नागपुरास. स्टीफन हिस्लॉप हा १८१७ सालीं स्कॉटलंडांत डन्स या गांवीं जन्मला आणि १८४५ सालीं मिशनरी म्हणून नागपुरास आला. शाळा चालविणें, भाषा शिकणें, गोंड लोकांत हिंडून त्यांच्या कथा टिपून घेणें यांत त्याचे दिवस जात. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर. हा पुढें विलायतेस परत गेल्यावर एका मोठ्या ज्ञानकोशात्मक इंग्रजी शब्दकोशाचा संपादक म्हणून प्रसिद्धीस आला. १८५१ च्या सुमारास या दोघांना नागपुराजवळील टाकळी येथें आंतर-ट्रॅपी थर सांपडला. त्यांत शंख होते, हाडें होतीं, आणि विशेष म्हणजे फळें व बिया होत्या. फावल्या वेळांत दोघांनीं सीताबर्डीपासून दूरदूरचे डोंगर पालथे घातले, कोणता थर कशावर बसला आहे याच्या आकृति काढल्या, आणि १८५५ सालीं लंडनच्या त्रैमासिकांत आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाचें मोल केवळ जिनसांच्या यादींत नाहीं. प्रत्येक जिनसेच्या पुढें तिचें गांव आहे, आणि गांवाच्या पोटांत तिचा थर आहे.

हिस्लॉपनें स्वतः या पानांना नांवें देण्याचा हव्यास धरला नाहीं. नागपुराजवळच, कामठीच्या बाजूस, लाव्हाहून कितीतरी जुना असा वाळूच्या खडकाचा पट्टा आहे. त्यांत सांपडलेलीं पानें त्यानें विलायतेस धाडलीं आणि चार्ल्स बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८६१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं एक पान लांबट पट्ट्यासारखें, मध्यशीर नसलेलें, समांतर शिरांचें. त्याला बनबरीनें 'नोएग्गेराथिया हिस्लोपी' असें नांव दिलें. पुढें भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणांतील फाइस्टमांटेल यानें तें गोत्र चुकीचें ठरवून 'नोएग्गेराथिऑप्सिस' असें नवें गोत्र लाविलें. त्यानंतरच्या कांहीं पंडितांनीं तेंही बाजूस सारून पानाला 'कॉर्डायटिस' या गोत्रांत नेलें. गोत्र दोनदां पालटलें. 'हिस्लोपी' हें उपपद मात्र तसेंच राहिलें. ज्यानें तें पान उचललें आणि कोठून उचललें तें सांगितलें, त्याच्या सांगण्यांत दुरुस्ती करावी लागली नाहीं.

हिस्लॉपचा अंतही असाच एका शोधाच्या वाटेवर झाला. १८६३ च्या सप्टेंबरांत तो टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळें पाहावयास गेला होता. परततांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत ४ तारखेच्या रात्रीं तो बुडून मरण पावला. त्याचें वय तेव्हां ४६ वर्षांचें नुकतेंच व्हावयाचें होतें. नागपुरांतील त्याच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालीं सुरू झालें. टाकळीची ती माळजमीन आतां शहरानें वेढून टाकली आहे. तेथें कुदळ घालून पुन्हा शोध घेणें सोपें राहिलेलें नाहीं. हिस्लॉप-हंटरांनीं वेळींच टिपून ठेविलें नसतें, तर त्या फळाबियांचें गांव आज कोणास सांगतां आलें असतें?

कामठीच्या त्या जुन्या पानांचा विषय निघाला आहे, तर त्यांच्या सोबत्याची गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्या खडकांत जिभेच्या आकाराचें, ठळक मध्यशिरेचें, जाळीदार शिरांचें एक पान विपुल सांपडतें. त्याला 'ग्लॉसोप्टेरिस', म्हणजे जिव्हा-नेचा, असें म्हणतात. तें २५ कोटि वर्षांहून जुनें आहे आणि भारताप्रमाणेंच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका या खंडांतही मिळतें. १९१२ सालीं कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परततांना उपासमारीनें व थंडीनें मेले. त्यांच्या शेवटच्या तंबूपाशीं सुमारें १६ किलो दगड मिळाले. प्राण कंठाशीं आले तरी त्यांनीं ते टाकून दिले नव्हते. ते गोळा करण्यांत पुढाकार घेणारा विल्सन हा पेशानें डॉक्टर होता. केंब्रिजचे प्राध्यापक सीवर्ड यांनीं १९१४ सालीं त्या दगडांतील पानें ग्लॉसोप्टेरिसचीं म्हणून ओळखलीं. आज बर्फानें गोठलेला तो प्रदेश एके काळीं हिरवा होता आणि आपल्या भूमीशीं जोडलेला होता, या म्हणण्यास त्या पानांनीं मोठा आधार दिला. तीं बर्फांतील कोणत्या डोंगरावरून उचललीं याची टिपणें सोबत होतीं म्हणूनच तें घडूं शकलें.

आणि 'जिव्हा-नेचा' हें नांव? तेंही चुकीचेंच ठरलें. दक्षिण आफ्रिकेंतील फ्रेनिखिंग गांवीं ले रू नांवाचा एक हौशी संग्राहक होता. त्यानें जमविलेल्या नमुन्यांत पानालाच चिकटलेले फलभाग होते. त्यांच्या आधारें एडना प्लमस्टेड या विदुषीनें १९५२ सालीं त्यांचें वर्णन केलें, आणि हा नेचा नसून बीजधारी वृक्ष होता ही गोष्ट पुढें निश्चित झाली. नांव जुनें तसेंच चालूं आहे; समजूत मात्र पालटली.

याच सीवर्डांच्या हाताखालीं केंब्रिजला एक तरुण पंजाबी विद्यार्थी शिकत होता. त्याचें नांव बिरबल साहनी. जन्म १८९१. गुरुशिष्यांनीं मिळून १९२० सालीं भारतांतील गोंडवन काळच्या वनस्पतींची पुन्हा तपासणी करून ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे हिस्लॉपच्या पिढीनें उचललेलीं पानें तपासण्याचें काम आतां भारतीय हातीं आलें. पुढें लखनौ येथें प्राध्यापक असतांना साहनींची दृष्टि दख्खनच्या आंतर-ट्रॅपी थरांकडे वळली. जुन्या मध्यप्रांतांतला आणि नागपुराला लागून असलेला छिंदवाडा जिल्हा हें त्यांच्या शोधांचें मुख्य क्षेत्र. तेथील मोहगांव कलां या खेड्याजवळील गारगोटीच्या दगडांत फळें, फुलें, खोडें अशीं कांहीं जपलेलीं आहेत कीं पाकळीची पेशी मोजून घ्यावी. भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे आणि साहनी यांचा तेथील वनस्पतींवरील संयुक्त निबंध १९३७ सालीं निघाला. मराठी वस्तीच्या सौंसर भागांतील दगडांत साहनी व एच. एस. राव यांना अझोला ओळखतां आला. आज आपले शेतकरी गुरांना घालण्यासाठीं हौदांत वाढवितात, तोच अझोला, साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या तळ्यावर तरंगत होता.

मोहगांवच्या एका फळाची कथा तर कादंबरीसारखी आहे. १९३४ सालीं साहनींनीं त्याचें वर्णन केलें. पण त्याचें कूळ नीट लागेना, म्हणून त्यांनीं त्याचें नांवच 'एनिग्मोकार्पन', म्हणजे कोड्याचें फळ, असें ठेविलें. पुढें नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयांतील व्ही. बी. शुक्ल यांनीं त्याच ठिकाणच्या दगडांतून एक चिमुकलें फूल शोधून काढलें. १९४४ सालीं त्यांनीं साहनींच्या गौरवार्थ त्याला 'साहनियँथस' असें नांव दिलें आणि फुलाची व फळाची घडण ताडून दोघांचें नातें दाखविलें. हें कूळ मेंदी आणि ताम्हण यांचें. दहा वर्षांचें कोडें सुटलें तें कशामुळें? फूल आणि फळ एकाच गांवच्या, एकाच थरांतल्या दगडांत मिळालें होतें म्हणून. एक मोहगांवचें आणि दुसरें 'मध्यप्रांतांतील कोठलें तरी' असतें, तर तीं दोन अनोळखी नांवें म्हणूनच ग्रंथांत राहिलीं असतीं.

याच वनस्पतींच्या बळावर साहनींनीं एका मोठ्या वादांत उडी घेतली. दख्खनचा लाव्हा केव्हांचा? जुन्या भूशास्त्रज्ञांपैकीं पुष्कळ त्याला क्रीटेशियस, म्हणजे डायनोसॉरच्या युगाच्या अखेरचा मानीत. ताडांचीं खोडें व नीपा जातीच्या खारफुटी ताडाचें फळ अशीं साक्ष काढून साहनींनीं १९४० सालीं मद्रासच्या विज्ञान-परिषदेंत अध्यक्षपदावरून सांगितलें कीं हा लाव्हा त्यानंतरच्या टर्शरी युगांतला आहे. पुढें खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून वय मोजण्याच्या रीति निघाल्या आणि असें दिसून आलें कीं हे उद्रेक दोन्ही युगांच्या उंबरठ्यावर, कांहीं अलीकडे कांहीं पलीकडे, असे झाले. साहनींचा निर्णय आज जसाच्या तसा कोणी मानणार नाहीं. परंतु ज्या फळांवर तो उभा होता तीं फळें आजही पुराव्यांत आहेत. निर्णय बदलला म्हणून तीं फेकून द्यावीं लागलीं नाहींत. ३ एप्रिल १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें लखनौच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला बसली. साहनींनीं त्या शिलेंत निरनिराळ्या ठिकाणचे जीवाश्म जडविले होते. त्यानंतर आठवडा लोटला नाहीं तोंच ते निवर्तले.

साहनींच्या पश्चात् हौशी संग्राहकाचें युग संपलें असें मात्र समजूं नये. मंडला जिल्ह्यांत १९७० च्या सुमारास धर्मेंद्र प्रसाद हे सरकारी सांख्यिकी अधिकारी होते. जिल्ह्याच्या पुरातत्त्वविषयक कामाचे ते मानद चिटणीसही होते. आंकडे गोळा करणाऱ्या या गृहस्थांचें लक्ष घुघुआ गांवाच्या शिवारांत पडलेल्या शिळारूप खोडांकडे गेलें. जबलपूरच्या विज्ञान महाविद्यालयांतील एस. आर. इंगळे आणि लखनौच्या संस्थेंतील एम. बी. बांडे या अभ्यासकांनीं त्यांची परीक्षा केली. तेथील एका लांकडाची घडण निलगिरीच्या गोत्राशीं जुळते असें बांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याला नांव दिलें 'युकॅलिप्टस धर्मेंद्री'. माल्कमसन, हिस्लॉप आणि आतां धर्मेंद्र, परंपरा तीच. १९८३ सालीं त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. खोडें जेथलीं तेथें राहिलीं, हा त्या कथेंतला मला सर्वांत मोठा भाग वाटतो.

आणखी एकच उदाहरण देतों. चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथील हाडें हिस्लॉपनें गोळा केलीं होतीं आणि गांवाचें नांव त्यांच्यासह विद्वानांच्या कागदांत गेलें. त्या नांवाच्या आधारें शास्त्रज्ञ तेथें पुन्हा पुन्हा जात राहिले. २००५ सालीं तेथील डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा तपासतांना भारतीय व परदेशी संशोधकांना तिच्यांत गवताच्या पेशींतील सिलिकेचे सूक्ष्म कण मिळाले. डायनोसॉरांच्या काळीं गवत होतें, आणि तें खाल्लेंही जात होतें, हें तेव्हां कळलें. त्यापूर्वीं तशी कल्पना फारशी कोणी केली नव्हती. हिस्लॉपच्या हयातींत त्या कणांची परीक्षा कोणालाही करतां आली नसती. पण त्यानें गांवाचा पत्ता राखून ठेविला, आणि दीडशें वर्षांनीं त्या पत्त्यावर उत्तर आलें.

हा सारा इतिहास वाचतांना एक खंत मनांतून जात नाहीं. थर फोडणारी कुदळ आपल्याच माणसांची होती, ओझें वाहणारे खांदे आपलेच होते. परंतु वनस्पतींच्या नांवांत त्यांचीं नांवें कोठें दिसत नाहींत. परक्यांना दोष देऊन ही खंत जाणार नाहीं. त्यांनीं लिहिलें, आपण लिहिलें नाहीं, एवढाच त्याचा निष्कर्ष. आजही विहिरी खणल्या जातात, रस्त्यांसाठीं टेकड्या फुटतात, आणि चमत्कारिक दगड दिसला कीं कोणी तो देव्हाऱ्यांत ठेवतो, कोणी बागेच्या कडेला लावतो, कोणी विकूनही टाकतो. भक्तीनें असो कीं लोभानें, एकदां जागेवरून हलला आणि जागा विसरली, म्हणजे तो मुका झाला.

यावर उपाय फार अवघड नाहीं. दगड उचलण्यापूर्वीं तो जेथें पडला आहे त्या जागेचें चित्र घ्यावें. गांव, शिवार, विहीर असल्यास खोली, वरचा व खालचा थर कोणत्या रंगाचा, दिवस कोणता, हें तेथेंच उभें राहून लिहावें. घरीं जाऊन लिहूं म्हणणारा विसरतो. दगडावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहींत घालावा. सुटा पडलेला दगड आणि थरांतून काढलेला दगड यांची नोंद निराळी ठेवावी. मोठें खोड असेल तर तें हलवूंच नये, छिन्नी तर मुळींच लावूं नये. जवळच्या महाविद्यालयांतील जाणत्या माणसास तेथें बोलवावें. आपण स्वतः ठरविलेलें नांव लिहावयाचेंच असेल तर पेन्सिलीनें लिहावें, आणि गांव मात्र शाईनें.

गेल्या उन्हाळ्यांत मी पुन्हा हिंगोलीस गेलों होतों. कपाटांतला नेचा अजून मखमलीवरच आहे, पण त्याखालीं गुरुजींनीं आपल्या वळणदार अक्षरांत 'मँगॅनीजची नक्षी' अशी चिठ्ठी लाविली आहे. उंबऱ्याजवळचा दगडही आतां कपाटांत गेला; त्याच्या चिठ्ठीवर 'ताडकुळांतील खोड' एवढेंच असून गांवाची जागा कोरी सोडलेली आहे. मी तेथें बसलों असतां एक जुना विद्यार्थी पिशवींतून कांहीं घेऊन आला. गुरुजींनीं पिशवी उघडण्यापूर्वीं वही उघडली. "कोठली विहीर? कितव्या हातावर लागला? वर माती कसली होती?" तो सांगत गेला, गुरुजी लिहीत गेले. मग पिशवी उघडली. आंत साधी गार निघाली. विद्यार्थी ओशाळला. गुरुजींनीं मात्र ती पाण्यानें धुतली, तिच्यावर क्रमांक घातला आणि ओळ पुरी केली.